वाटाड्याचे वेतन

परगावी गेलेल्या माणसाला दोन गोष्टी ठाऊक नसतात: एक वाट आणि दुसरा भाव. वाट ठाऊक नसल्यामुळे तो कुणाला तरी पैसे देऊन बरोबर घेतो आणि त्याच्यावर विश्वास टाकतो; भाव ठाऊक नसल्यामुळे त्याच माणसावर तो दिवसभर संशयही घेत राहतो. एकाच गाडीत, एकाच काचेतून बाहेर पाहत, विश्वास आणि संशय असे दोघे शेजारी शेजारी बसून प्रवास करीत असतात.

ऐतिहासिक शहर पाहण्यासाठी दिवसभराकरिता गाडी आणि वाटाड्याचेही काम करणारा ड्रायव्हर ठरविणे, ही आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मुलांची शिक्षणे आटोपली, घराचे कर्ज फिटले की आपण जुन्या गोव्याला जातो, वेलंकणीला जातो, दिल्ली-आग्र्याला जातो. कुणाला रोम आणि पवित्र भूमीचेही दर्शन घडते. प्रत्येक ठिकाणी सकाळी एक अनोळखी गृहस्थ आपल्यासाठी गाडीचे दार उघडतो आणि रात्री आपण त्याच्या हातावर पैसे ठेवून त्याचा निरोप घेतो. मधल्या बारा तासांत आपण त्याच्याकडून नेमके काय विकत घेतलेले असते? त्याची गाडी, तिचे इंधन आणि त्याचा वेळ, हे तर उघडच आहे. पण त्याचा खरेपणा? त्याची निष्ठा? या गोष्टी विकत घेता येतात काय? आणि येत नसतील, तर त्या मिळाल्या नाहीत अशी तक्रार आपण कोणत्या तोंडाने करतो?

हा प्रश्न मला आग्र्यात पडला. काही वर्षांपूर्वी मी व माझी पत्नी असे दोघेच तेथे गेलो होतो. प्रांजळपणे सांगायचे तर, प्रश्न पडला तेव्हा मी चुकीच्या बाजूला उभा होतो.

आदल्या संध्याकाळी सदर बाजाराजवळच्या आमच्या हॉटेलाच्या फाटकाशी तो ड्रायव्हर भेटला. पन्नाशीचा, सडसडीत बांध्याचा, मितभाषी माणूस. ताजमहाल, किल्ला, फत्तेपूर सिक्री आणि रात्री पुन्हा हॉटेल, यासाठी त्याने २५०० रुपये सांगितले. ‘परमुलुखात पहिला भाव कधी मान्य करू नये,’ हे वडिलांचे वाक्य माझ्या डोक्यात पक्के बसलेले. मी १५०० म्हणालो. तो २२०० वर आला. शेवटी मी १८०० वर ठाम राहिलो आणि पाठ फिरविण्याचा अभिनयही केला. त्याने क्षणभर रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाला, “ठीक है साहब. सुबह छह बजे.” तो इतक्या लवकर तयार झाला, त्या अर्थी १८०० सुद्धा जास्तच असले पाहिजेत, असा निष्कर्ष मी रात्री जेवताना पत्नीपुढे मांडला. गरजवंत माणूसही लवकर तयार होतो, हे त्या वेळी माझ्या मनात आले नाही.

सकाळी सहाच्या ठोक्याला तो हजर होता. संगमरवराला धुराची बाधा होऊ नये म्हणून पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना ताजमहालापासून ५०० मीटर अंतरावरच थांबविले जाते. पुढे बॅटरीच्या गाडीतून किंवा पायी जायचे. स्मारकांच्या आत माहिती सांगण्याचे काम सरकारी परवाना असलेल्या गाईडचे. तेव्हा आमच्या ड्रायव्हरची सारी विद्या गाडी चालविता चालविताच सांगायची होती. वाटेत त्याने सांगायला आरंभ केला. शहाजहान बादशहाने ताजमहाल पुरा होताच कारागिरांचे हात तोडले, ही कथा त्याने इतक्या तयारीने सांगितली, की ती हजारदा सांगून झाली असावी.

मी घरून वाचून गेलो होतो. मुमताजमहल १६३१ साली बुऱ्हाणपूरला वारली, पुढल्या वर्षी काम सुरू झाले आणि सारा परिसर पुरा व्हायला १६५३ पर्यंतचा काळ लागला, हे मला ठाऊक होते. ताजचा शिल्पकार म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या उस्ताद अहमद लाहोरीनेच पुढे दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या उभारणीतही भाग घेतला. तेव्हा हात तोडल्याची गोष्ट टिकत नाही, आणि तिला समकालीन पुरावाही नाही. हे सारे मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत ऐकविले. तो हसला. आरशात माझ्याकडे पाहत म्हणाला, “मालूम है साहब. मगर यह न सुनाऊँ तो सवारी कहती है, इसको कुछ आता नहीं.”

या उत्तराने मी थोडा वरमलो, पण मनातल्या वहीत त्याच्या नावापुढे एक खूणही करून ठेवली: हा माणूस खोटे सांगतो. ते खोटे मागणारे गिऱ्हाईक कोण, हे मी लिहून ठेवले नाही.

आग्र्याच्या किल्ल्यासमोर त्याने न सांगता गाडी थांबविली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. “आप महाराष्ट्र से हैं,” एवढेच तो म्हणाला. १२ मे १६६६ रोजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात आले आणि १७ ऑगस्टला पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटले, हा इतिहास आम्ही शाळेपासून ऐकलेला. तरी त्या तटापुढे उभे राहून तो आठवताना अंगावर काटा आला. पण गाडीत परत बसताना माझी वही पुन्हा उघडली. याच्याकडे मराठी माणसासाठी वेगळा आग्रा आहे, नवपरिणितांसाठी वेगळा, परदेशी पाहुण्यांसाठी आणखी वेगळा. जो प्रत्येकाला हवे तेच दाखवितो, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

किल्ला पाहून निघालो आणि ज्याची मी सकाळपासून वाट पाहत होतो ते घडले. गाडी एका मोठ्या दुकानापुढे उभी राहिली. संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेले नक्षीकाम, ज्याला तेथे पच्चीकारी म्हणतात, त्याचे ते दुकान होते. मी काही बोलण्याआधीच तो मागे वळून म्हणाला, “साहब, बीस मिनट बैठ जाइए. कुछ लेना मत. गाड़ी लाने का मुझे कुछ मिल जाता है.”

वाचकहो, येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. या लहानशा प्रसंगात तीन माणसे आहेत. दुकानदार गिऱ्हाईक यावे म्हणून ड्रायव्हरला पैसे देतो आणि ते पैसे वस्तूच्या किमतीत मिसळतो. ड्रायव्हर आपल्या प्रवाशाची वीस मिनिटे दुकानदाराला विकतो. आणि प्रवासी, काही घ्यायचे नाही हे ठरवूनही, आत जाऊन बसतो, चहा पितो, कारागिराचे काम पाहतो. यात कोण कुणाला फसवितो? ड्रायव्हरने आम्हांला तरी फसविले नाही. त्याने आपले बिंग स्वतःच फोडले. फसत असेल तर तो दुकानदार, आणि त्याला फसविण्यात आम्हांला सामील करून घेतले जात होते. मी हे सारे पत्नीला मराठीत ऐकविले आणि ड्रायव्हरला सांगितले, “सीधे चलो.” त्याने मुकाट्याने गाडी सुरू केली. मला तत्त्वनिष्ठेचे समाधान लाभले. त्या समाधानासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून पैसे गेले होते.

दुपारी एका खानावळीत जेवायला थांबलो. पत्नीने त्याला आमच्याबरोबर बसायला बोलाविले. तो ओशाळून नको म्हणाला. तिने पुन्हा आग्रह केला, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, की मागच्या बाजूला ड्रायव्हर लोकांसाठी वेगळी जागा आहे. तेथे त्याला जेवण फुकट मिळते, चार ओळखीची माणसे भेटतात आणि दहा मिनिटे पाठ टेकता येते. आमच्या मेजावर त्याला सावरून बसावे लागले असते आणि जेवणाचे पैसेही आम्हीच दिले असते. पत्नी पटकन समजली. मला मात्र वाईट वाटले; आपला मोठेपणा नाकारला गेला की वाटते, तसे. समतेच्या भावनेने केलेला आग्रहसुद्धा पुष्कळदा आपल्याच मनाच्या समाधानासाठी असतो, हे मला फार उशिरा उमगले.

तेथून सुमारे ३७ किलोमीटरवर फत्तेपूर सिक्री. अकबराने १५७१ च्या सुमारास वसवायला घेतलेली आणि १५८५ साली सोडून दिलेली ही राजधानी. आपल्या दृष्टीने या लाल दगडांना एक निराळे महत्त्व आहे. गोव्याहून निघालेले तीन येशूसंघीय धर्मगुरू १५८० साली येथे येऊन पोहोचले: रुडॉल्फ अक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस. बादशहाने स्वतः त्यांना बोलाविले होते. इबादतखान्यात मौलवींशी त्यांचे वाद झडले. मोन्सेरात राजपुत्र मुरादचे शिक्षक झाले. अक्वाविवा गोव्यात परतल्यावर १५८३ साली कुंकळ्ळी येथे रक्तसाक्षी झाले. हे सारे आपण वाचतो, पण तिघांतले हेन्रिकेस कोण होते हे सहसा लक्षात राहत नाही. ते होर्मुझचे, मूळचे मुसलमान, फार्सी जाणणारे. दुभाष्या म्हणून बरोबर घेतलेले. एवढे विद्वान धर्मगुरू, पण बादशहापुढे उभे राहताना त्यांचा प्रत्येक शब्द आधी या माणसाच्या हाती द्यावा लागत असे. परक्या दरबारात वाटाड्यावाचून संतांचेही अडते.

बुलंद दरवाज्याच्या पायऱ्या चढून गेल्यावर फार्सी लेख दिसतो. त्यात मरियापुत्र ईसाच्या नावाने एक वचन कोरले आहे: जग हा एक पूल आहे, तो ओलांडावा, त्यावर घर बांधू नये, अशा अर्थाचे. हे वचन आपल्या चारही शुभवर्तमानांत नाही. इस्लामी परंपरेने ते प्रभू येशूच्या नावे जतन केले आहे. एवढा प्रचंड दरवाजा बांधून त्यावरच हे वचन कोरून घ्यावे, यात विनयही आहे आणि विसंगतीही. मी ते पत्नीला समजावून सांगत होतो. आपण सारे वाटसरू आहोत, असे काहीसे मी म्हणालो. आमची वाट पाहत उन्हात उभ्या राहिलेल्या दुसऱ्या वाटसरूची मला तेव्हा आठवण झाली नाही.

परतीच्या वाटेवर पत्नी जपमाळ घेऊन बसली. ड्रायव्हरने आरशातून ती पाहिली असावी. आग्रा जवळ आले तसे तो म्हणाला, “साहब, एक जगह और है. पादरियों का कब्रिस्तान. बहुत पुराना. टिकट नहीं है.”

दिवसभराचा साचलेला संशय माझ्या तोंडून बाहेर पडला. मी विचारले, “वहाँ का आपको कितना मिलता है?”

तो काही बोलला नाही. त्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. गाडीत थोडा वेळ फक्त इंजिनाचा आवाज होता. मग पत्नी मराठीत, हळू आवाजात म्हणाली, “अहो, सकाळपासून तुम्हीच त्यांना सांगताय काय खरं नि काय खोटं. एकदा त्यांना विचारून तर बघा, आपण काय बघायला हवं ते.”

आम्ही गेलो. शहराच्या उत्तर भागात, गजबजलेल्या रस्त्यापासून थोडे आत, उत्तर हिंदुस्थानातील अत्यंत जुन्या ख्रिस्ती दफनभूमींपैकी ती एक. तेथे जवळपास दुकान नव्हते, लपके म्हणून ओळखले जाणारे दलालही नव्हते. फाटकाशी ड्रायव्हरने चप्पल काढली आणि तो आमच्यापुढे चालू लागला. आर्मेनियन व्यापाऱ्यांची थडगी, येशूसंघीय धर्मगुरूंची थडगी, १६१४ साली वारलेल्या जॉन मिल्डनहॉल या इंग्रज व्यापाऱ्याची कबर. कोणते थडगे कोठे आहे हे त्याला पाठ होते. पुष्कळ वर्षांपूर्वी परदेशातून एक वृद्ध गृहस्थ आपल्या पूर्वजाची कबर शोधत आले होते. त्यांच्याबरोबर दोन दिवस गवत बाजूला सारत तो येथे हिंडला होता. शेवटी तो आम्हांला लाल दगडाच्या एका घुमटापुढे घेऊन गेला. ताजमहालाची छोटी प्रतिकृतीच जणू. लोक त्याला लाल ताज म्हणतात. “हेसिंग साहब. मराठा फौज में था. किले का किलेदार,” तो म्हणाला.

जॉन हेसिंग हा डच सेनानी शिंद्यांच्या चाकरीत होता आणि आग्र्याच्या किल्ल्याचा अधिकारी असताना १८०३ साली वारला. त्याच्या पत्नीने ही समाधी बांधविली. मराठ्यांचा सरदार आणि ख्रिस्ती माणूस, दोन्ही एकाच थडग्यात. आम्हांला दाखविण्यासाठी याहून योग्य जागा साऱ्या आग्र्यात नव्हती. सकाळपासून ज्याच्या माहितीत मी चुका काढीत होतो त्याने मला माझ्याच समाजाच्या आणि माझ्याच मुलुखाच्या इतिहासातील एक गोष्ट दाखविली होती, आणि ती मला ठाऊक नव्हती. येथे त्याला कुणी काही देणार नव्हते. उलट त्याचा तास मोडला होता आणि डिझेल जळले होते.

पत्नी गुडघे टेकून प्रार्थना करीत होती. मी त्या घुमटाशेजारी उभा राहून पहिल्यांदाच त्याचा हिशेब मांडला. गाडी त्याची स्वतःची नव्हती, हे त्याने सकाळी बोलता बोलता सांगितले होते. मालकाला रोजचे भाडे द्यावे लागे. ते भाडे, शंभराहून अधिक किलोमीटरचे डिझेल, ठिकठिकाणचा पार्किंगचा खर्च. १८०० रुपयांतून हे सारे वजा केल्यावर पंधरा तासांच्या कामाचे जे उरत होते ते मला पत्नीपुढे मोठ्याने सांगण्याची लाज वाटली. मी जे ७०० रुपये कापून घेतले होते, ती बहुधा त्याची मजुरीच होती. दुकानदाराकडे तो ती मागायला गेला होता, आणि तेथूनही मी त्याला तत्त्वाच्या नावाने परत आणले होते.

मला त्या दिवशी जे समजले ते असे. जो मालक पुरेसे वेतन देत नाही, तो आपल्या चाकराला दुसरा मालक शोधायला लावतो. मग त्या चाकराची निष्ठा दुभंगली म्हणून त्याला दोष देण्याचा नैतिक अधिकार पहिल्या मालकाला उरत नाही. दिवसभरापुरते का होईना, आपण मालक असतो, हे आपण प्रवासात विसरतो. कारखानदाराने कामगारांना राबवून घेतले तर आपण संतापतो, आणि सुट्टीत एका माणसाचा दिवस शक्य तितक्या स्वस्तात पाडून घेतल्याचा पराक्रम नातेवाइकांना अभिमानाने सांगतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. सौदा दोघांच्या संमतीने झाला होता. तो नाही म्हणू शकत होता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात नेमका हाच युक्तिवाद तपासला. करार आपखुशीने झाला एवढ्याने न्याय पुरा होत नाही, असे त्यांनी शिकविले. काटकसरीने राहणाऱ्या श्रमिकाचा निर्वाह होईल एवढे वेतन, ही कोणत्याही करारापेक्षा जुनी आणि वरचढ अशी निसर्गन्यायाची मागणी आहे. गरजेपोटी किंवा याहून वाईट वेळ येईल या भीतीने एखाद्याने कडक अटी पत्करल्या, तर ती संमती नसून त्याच्यावर झालेली बळजबरी होय. फाटकाशी उभे राहून त्याने रस्त्याकडे जो एक क्षण पाहिले, त्या क्षणाचा अर्थ मला या शिकवणुकीत सापडला.

दुसरा आक्षेप असा, की चांगले पैसे दिले म्हणून ड्रायव्हर दुकानात नेणार नाही याची हमी काय? हमी काहीच नाही. २५०० रुपये घेऊनही त्याने गाडी त्याच दुकानापुढे उभी केली असती, हे अगदी शक्य आहे. त्याचे खोटे खोटेच असते आणि त्याच्या मोहाची जबाबदारी त्याची असते; गरिबी ही प्रत्येक पापाची माफी नव्हे. पण न्याय्य वेतन हे प्रामाणिकपणा विकत घेण्यासाठी दिलेले मोल नाही. ते देणे आपले असते, त्याचा परिणाम काहीही होवो. आपण आपल्या बाजूने न्याय केला असेल, तरच त्याच्या चुकीविषयी त्याच्याशी सरळ नजरेने बोलता येते. मी दिवसभर आरशातल्या त्याच्या डोळ्यांशी बोलत होतो, ते काही उगाच नव्हे.

पवित्र शास्त्रात भाड्याने घेतलेल्या वाटाड्याची एक सुंदर कथा आहे. आंधळ्या तोबिताला मेदिया देशात ठेवलेले आपले दहा तालांत रुपे आणायचे असते. वाट दूरची, मुलगा तोबियास तरुण आणि अननुभवी. तेव्हा वाट ठाऊक असलेला एक सोबती शोधला जातो. तोबित त्याचे कूळ विचारतो, मग वेतन ठरवितो: रोजचे एक द्राखमा, शिवाय मुलाला मिळेल तसाच वाटेवरचा खर्च, आणि सुखरूप परत आलात तर वर आणखी काही. घासाघीस नाही, उधळपट्टीही नाही. सारे आधी आणि उघडपणे. प्रवास पार पडतो, पैसे मिळतात, तोबियासला पत्नी मिळते, म्हाताऱ्याला दृष्टी मिळते. लग्नाचा सोहळा संपताच तोबित मुलाला आठवण करतो, की त्या माणसाचे वेतन द्यायला हवे आणि त्यात भरही घालायला हवी. मुलगा म्हणतो, आणलेल्या सर्वांतील अर्धे दिले तरी ते अधिक होणार नाही. त्यानंतरच तो वाटाड्या आपली ओळख सांगतो: तो महादूत राफाएल असतो.

ही कथा आपण बहुधा राफाएलसाठी वाचतो. त्या दिवसापासून मी ती तोबितासाठी वाचू लागलो. आपण देवदूताला कामावर ठेवीत आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. तो एका साध्या मजुरी करणाऱ्या माणसाशी वागत होता, आणि तरीही त्याने जे देऊ केले ते देवदूतापुढेही लाजिरवाणे ठरले नाही. तसेच, वेतनाची गोष्ट काढल्याने देवदूताचाही अपमान झाला नाही. पैसे आणि स्नेह यांचे वैर आहे असे आपण समजतो. म्हणून कधी पैशांबाबत निष्ठुर होतो, तर कधी व्यवहाराचे बोलणे संकोचाने टाळतो आणि त्याला सौजन्य म्हणतो. तोबिताने चोख वेतन ठरविले म्हणूनच पुढे जे वेतनापलीकडचे होते ते मोकळेपणाने घेता आणि देता आले. त्या दफनभूमीतला तास हा असाच वेतनापलीकडचा होता. मी मात्र वेतनच अपुरे ठरविलेले. त्यामुळे ते दान माझ्यापर्यंत आले तेव्हा मला ते लबाडीसारखे दिसले.

आपण हे खरे तर जाणायला हवे. आपले वाडवडील वाडीतली केळी, भाजी आणि फुले घेऊन मुंबईच्या बाजारात जात, तेव्हा माल नाशिवंत आहे हे ओळखून गिऱ्हाईक पाठ फिरवी आणि भाव पडे. ती पाठ पाहण्याचे दुःख आपल्या घरांत अजून सांगितले जाते. आग्र्याच्या त्या फाटकाशी मी तीच पाठ फिरविली होती.

मजुराचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे, तो गरीब आहे आणि त्याचे मन त्यावर लागलेले असते, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. आम्ही हॉटेलवर पोहोचलो तेव्हा सूर्य केव्हाच मावळला होता. मी त्याच्या हातात २५०० रुपये ठेवले आणि कब्रस्तानाच्या वाटेवर जे बोललो त्याबद्दल क्षमा मागितली. क्षमेच्या शब्दांनी तो अवघडला. “कोई बात नहीं” म्हणत त्याने विषय टाळला. पैसे त्याने मोजले, घडी करून खिशात ठेवले आणि उद्याची गाडी किती वाजता आहे असे विचारले. आश्चर्य नाही, आभार नाहीत. जिना चढताना मी पत्नीला म्हणालो, “सातशे रुपये जास्त दिले, पण त्याला काहीच वाटलं नाही.”

ती म्हणाली, “जास्त कुठे दिलेत? त्यांनी सांगितले होते तेवढेच तर दिलेत.”

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या दस्तऐवजात एक इशारा देऊन ठेवला आहे: न्यायाने जे देणे लागते ते परोपकाराची देणगी म्हणून देऊ नये. हे वाक्य मी अभ्यासवर्गांत इतरांना समजावून सांगितले होते. त्या रात्री ते मला जिन्यात, माझ्या पत्नीने समजावून दिले. त्याने माझे आभार मानले नाहीत याचे कारण अगदी साधे होते. त्याने दिवसभर काम केले होते आणि त्याला त्याची मजुरी मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हांला स्टेशनवर सोडायला आला. भाडे किती, असे मी आधी विचारले. त्याने सांगितले तेवढे दिले. वाटेत त्याने आपणहून एक जुनी मशीद दाखविली आणि तिच्याविषयी एक गोष्ट सांगितली. ती खरी होती की खोटी, मला ठाऊक नाही. मी ती संपेपर्यंत ऐकली आणि मग विचारले, “यह आपको किसने बताया?” तो थोडा वेळ विचार करीत राहिला, आणि मग आपल्या वडिलांविषयी बोलू लागला.